खूण सांगितल्याशिवाय आत घ्यायचं नाही

आमच्या ऑफिसात दोन गोष्टी रोज साचतात, धूळ आणि किस्से. धूळ मी सकाळी साडेनऊला झाडून टाकते. किस्से झाडायला घेतले की झाडू हातातच राहतो आणि हसायला येतं, म्हणून ते तसेच कोपऱ्याकोपऱ्यात पडून आहेत. आता इतके झालेत की कोणी नवीन कामाला लागलं की आधी त्याला खुर्ची देतात आणि मग किस्से ऐकायला बसवतात. सांगायचं काम माझ्याकडे. चहा करायचं पण माझ्याकडेच, त्यामुळे दोन्ही एकदम होऊन जातं.

ऑफिस म्हणजे चिखलीत धान्यबाजाराच्या मागे तीन खोल्या. कपाशीवर कोणती कीड आली, कोणतं औषध किती टाकायचं, कधी हात आवरायचा, हे इंगळे सर लिहितात. ते आमचे साहेब. त्यांनी लिहिलेलं मेलने चाळीस गावांत जातं. प्रत्येक गावात आमचा एकेक कॉम्प्युटरवाला आहे, तो त्याचा कागद काढून फळ्यावर लावतो आणि लोक तो वाचून फवारतात. त्या चाळीस गावांत अमडापूर आहे. अमडापुरात आमची साडेतीन एकर कपाशी आहे. आणि आमचे हे, म्हणजे गौरीचे बाबा, फळ्यावर लिहिलेलं अक्षर न अक्षर पाळतात. घरात मी सांगितलेलं तेवढं सोडून.

माझं शिक्षण सातवी. मेल म्हणजे काय, सर्व्हर म्हणजे काय, मला काही माहीत नव्हतं. काळजी करता येत होती, तीही अशी की एसटी पाच मिनिटं थांबली तरी माझ्या मनात सात गोष्टी येऊन जातात. पण ऑफिसात शेवटी तीच कामाला आली.

*

मधल्या खोलीत काचेच्या कपाटात एक काळं मशीन आहे. तोच सर्व्हर. सगळ्या गावांचे मेल त्यातून येतात आणि जातात. तो बसवला अल्ताफभाऊने. अल्ताफभाऊ खामगावचा. रोज सकाळी एसटीने येतो, बसमध्ये झोपतो, आल्यावर आधी चहा पितो आणि मग सलाम करतो.

पहिल्या आठवड्यात मी पाहिलं, मशीन दिवसभर घूं घूं करतंय आणि सगळी धूळ आत ओढतंय. मला कसंतरी झालं. दुसऱ्या दिवशी घरून गौरीचं जुनं दुपटं आणलं आणि मशीनला चारी बाजूंनी नीट गुंडाळून ठेवलं. दुपारी चाळीस गावांचे मेल बंद.

अल्ताफभाऊने कपाट उघडलं. दुपट्यावर हत्ती आणि ससे. तो बराच वेळ त्या सशांकडे बघत राहिला.

"ताई," तो म्हणाला, "याले थंडी नाही वाजत. याले ताप येते."

मग ऑफिसात एकच कूलर होता, तो त्याने सरांच्या टेबलापासून उचलला आणि त्याचं तोंड मशीनकडे केलं. मे महिना चालू. सर रुमालाने मान पुसत म्हणाले, "अन् माझं काय, अल्ताफ?"

"सर, तुमी गरम झाले तं बोलता. हे गरम झालं तं बोलणं बंद करते."

सरांनी दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी टेबल सरकवत सरकवत मशीनच्या शेजारी येऊन बसले. अजून तिथेच बसतात.

*

सरांच्या डोक्यावर केस नाहीत. हे आधी सांगते, कारण पुढचा किस्सा त्याशिवाय कळायचा नाही.

एका सोमवारी मी कुलूप उघडायला गेले तर पायऱ्यांवर पाचसहा माणसं बसलेली. प्रत्येकाच्या हातात कागद. कागदावर सरांचं नाव, सरांचा मेलचा पत्ता, आणि खाली: एका महिन्यात दाट काळेभोर केस, तेलाच्या बाटल्या थोड्याच उरल्या आहेत, आजच मागवा. गावोगावच्या कॉम्प्युटरवाल्यांनी नेहमीसारखा कागद काढला आणि अळीच्या कागदाशेजारी लावून टाकला. सरांचा मेल आला की लावायचा, एवढंच त्यांना माहीत.

सर आले. कागद वाचला. "हे मी पाठवलं नाही हो."

एक म्हातारे बाबा पुढे झाले. त्यांनी कागद डोळ्यांपाशी नेऊन पुन्हा वाचला, मग मान वर करून सरांचं डोकं पाहिलं.

"तेल चांगलंच असन सर. पण तुमीच लावून नाही राह्यले तं आमी काऊन लावाव?"

तोच मेल खुद्द सरांनाही आला होता. पाठवणारे इंगळे, घेणारे पण इंगळे. अल्ताफभाऊ म्हणाला, "सर, बाकीच्याइले नका देऊ, निदान स्वतःले तरी उत्तर द्या."

*

दुसऱ्यांदा मात्र कोणी हसलं नाही.

पोळा होऊन गेला होता. कपाशी कमरेला लागत होती, बोंडं धरत होती. बीटी बियाणं नवीन आलं तेव्हा माझ्या सासऱ्यांना दुकानदाराने सांगितलं होतं, आता अळी विसरा, पंप माळ्यावर टाकून द्या. सासरे गेले, बीटी राहिली आणि पंप माळ्यावरून कधीच खाली आला. आताची अळी गुलाबी. बोंडाच्या आत बसते, बाहेरून झाड हिरवंगार. बोंड फोडून बघावं तेव्हा आत किडलेली रुई. असं चार बोंडांत दिसलं की माणूस मग कोणी काही सांगो, ते फवारतो.

अशा दिवसांत सरांच्या नावाने मेल गेला. अमुक दोन औषधं एकत्र करा, दुप्पट टाका, आणि बाटली याच कंपनीची घ्या. एका गावच्या कॉम्प्युटरवाल्याला शंका आली. सर प्रत्येक कागदाच्या शेवटी 'तोंडाला कापड बांधा' असं लिहितात, यात ते नव्हतं. त्याने फोन केला.

सरांनी मेल वाचला आणि चष्मा काढून ठेवला. "ही दोन औषधं एकत्र केली तर अळीचं काय होईल ते सांगता येत नाही. फवारणारा दवाखान्यात जाईल."

माझ्या हातात चहाचा ट्रे होता, तो तसाच राहिला. मला एकच दिसत होतं, हे, आणि ह्यांच्या पाठीवर पंप. मागच्या हंगामात आमच्या शेजारच्या गावातला एक माणूस असाच काहीतरी मिसळून फवारत होता. संध्याकाळी त्याला स्वतःच्या लेकीचा चेहरा दिसेना. वाचला, पण पुन्हा पंप पाठीवर घेतला नाही.

मी ऑफिसच्या फोनवरून लगेच ह्यांना फोन लावला. ह्यांचा फोन बटणांचा. कानाजवळचा आवाज केव्हाच गेलाय, स्पीकर चालू करूनच बोलावं लागतं, आणि त्यातून कोणीही बोललं तरी पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखं ऐकू येतं.

"फवारून राह्यले काय तुमी?"

"नाही. बैलाले पाणी पाजून राह्यलो. कोण बोलते?"

"मी."

"मी म्हंजे कोण? इंगळे सर काय?"

मला रडायला येत होतं आणि सरांना हसायला. पण त्या दिवशी सगळ्यांनी मिळून चाळीस गावांना फोन लावले, कागद उतरवले, आणि कोणी फवारलेलं नव्हतं हे कळेपर्यंत कोणी जेवलं नाही.

*

दुपारी मी अल्ताफभाऊला विचारलं, दुसऱ्या माणसाने सरांचं नाव लावलंच कसं?

"ताई, पोस्टाच्या पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव आपणच लिहितो ना. मी तिथी इंगळे सर असं लिहिलं तं पोस्टमन काय करन?"

"काय करन? टाकून जाईन."

"मेलचं बी तसंच हाये. नाव कोणीही लिहिते. आपलं मशीन नाव वाचते, म्हणते सरच आले, अन् आत घेते."

"अन् खूण नाही इचारत?"

"कायची खूण?"

मला वाटलं हा माझी गंमत करतोय. आमच्याकडे कोणाला घरून काही आणायला पाठवलं तर सोबत खूण सांगून पाठवतात. शेतातून गडी आला आणि म्हणाला, मालकांनी कोठीची किल्ली मागितली आहे, तर घरची बाई आधी विचारते, खूण काय दिली? तो सांगतो, आज डब्यात मिरची टाकायची राहिली. हे नवऱ्याला आणि बायकोलाच माहीत असणार, म्हणजे निरोप खरा. मग किल्ली. नुसतं नाव ऐकून कोण कोणाला किल्ली देतं?

हे मी अल्ताफभाऊला सांगितलं. त्याने चहा खाली ठेवला आणि आत हाक मारली.

"सर, या मशीनपेक्षा ताईच्या घरचा बंदोबस्त पक्का हाये."

*

पक्का म्हणजे किती पक्का, ते सासूबाईंना विचारा.

गौरी पाच वर्षांची. अंगणवाडी सुटली की ती रुखसानाभाभीकडे बसते. भाभी आमच्या गल्लीतच राहते, ब्लाउज शिवते. मला घरी पोचायला साडेसहा होतात. एखाद्या दिवशी बस आली नाही आणि कोणी जाऊन 'आईने बोलावलं' म्हणून पोरीला घेऊन गेलं तर? या एका विचाराने मला नोकरीचे पहिले पंधरा दिवस जेवण गेलं नाही. मग मी गौरीला आणि भाभीला खूण ठरवून दिली. जो कोणी न्यायला येईल त्याने गौरीच्या बाहुलीचं नाव सांगायचं. नाव गौरी दर सोमवारी बदलणार आणि ते फक्त मला सांगणार.

एकदा चिखलीतच एसटी बंद पडली. उशीर होतोय पाहून सासूबाई आपण होऊन गौरीला आणायला गेल्या.

"खूण?" गौरी म्हणाली.

"कायची खूण वं? मी तुही आजी हाये."

"ते माहीत हाये. खूण सांग."

सासूबाईंनी भाभीकडे पाहिलं. भाभी शिलाई मशीनवरून हात न काढता म्हणाली, "मौसी, मी काय करू? वंदनाचा कायदा हाये. पोरगी दिली तं माह्यावरच चिडन ते."

सासूबाई हट्टी. ओट्यावर बसल्या आणि अंदाजाने नावं घ्यायला लागल्या. गंगी, सोनी, शेवंता, राधा. गौरी दाराच्या आत उभी राहून प्रत्येक नावाला मान हलवत होती. मी सात वाजता पोचले तेव्हा आजी बाहेर, नात आत, दोघी एकमेकींना बघत बसलेल्या आणि मधल्या उंबऱ्यावर भाभीने ठेवलेला रिकामा कप.

घरी जाताना सासूबाईंनी विचारलं, "काय होतं वं नाव?"

"चंद्रभागा," गौरी म्हणाली.

ते सासूबाईंचंच नाव.

त्या दिवसापासून घरी कोणी बाई आली की सासूबाई सुरू होतात. "हिले पाह्याले गेलो तवा काय पोहे केले होते हिनं. एकेक दाना मोकळा. त्या पोह्यावर मी हो म्हनलं. अन् आता हेच मले ओट्यावर बसवते." ओट्याचं नवीन आहे, पोह्यांचं मी सात वर्षं ऐकतेय. पोह्यांचं नाव निघालं की मला एकदम गॅसवर काहीतरी ठेवल्याचं आठवतं आणि मी आत जाते.

*

अल्ताफभाऊ कामाला लागला. मशीनला शिकवायचं ते एवढंच: मेल बाहेरून आला असेल आणि त्यावर आपल्याच ऑफिसच्या माणसाचं नाव असेल, तर आत घ्यायचा नाही. आपला माणूस असेल तर तो पासवर्ड टाकून आतल्या दाराने येतो. रस्त्यावरून येऊन 'मी घरचाच' म्हणणारा खोटा. हे मला लगेच कळलं. सरांना दोनदा सांगावं लागलं.

"अन् दुसऱ्याचं नाव लावून कोणी आला तं?" मी विचारलं.

"मोठ्या ऑफिसवाल्याइनं लिहून ठेवलेलं असते, आमची पत्रं फक्त इतक्या जागेहून निघतात म्हणून. आपलं मशीन ते पाहून घेईन. तिथून निघालं नसन तं परत."

सगळं झाल्यावर तपासून बघायचं म्हणून अल्ताफभाऊने खामगावला घरी गेल्यावर स्वतःच सरांच्या नावाने एक खोटा मेल सोडला. 'उद्या सर्वांना सुट्टी. इंगळे.' मशीनने तो अडवायचा होता. पण नवीन नियम लिहिल्यावर एकदा बंद करून चालू करावं लागतं आणि नेमकं तेच करायचं राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सर सकाळपासून गावोगाव फोन लावत होते. चाळीसपैकी एकही माणूस फोन उचलेना. दहा वाजता अल्ताफभाऊ आला, चहा घेतला आणि स्क्रीन पाहिली.

"सर, तपासणी झाली."

"काय निघालं?"

"लोकं तुमचं लई ऐकतात."

त्या दिवशी आख्ख्या कामकाजात सर, अल्ताफभाऊ आणि मी, तिघंच. मला सुट्टीचं कोणी कळवलंच नव्हतं. मला मेल नाही.

*

मशीन बंद करून चालू केलं आणि नियम लागू झाला. त्याने पहिल्याच रविवारी एकाला धरलं. इंगळे सरांना.

सर साखरपुड्याला बाहेरगावी गेले होते. तिथून त्यांना आठवलं की पाऊस येणार आहे, दोन दिवस फवारू नका असं कळवायला पाहिजे. त्यांनी फोनवरून, स्वतःच्या घरच्या मेलमधून, वर ऑफिसचं नाव लावून मेल पाठवला. परत आला. पुन्हा पाठवला. पुन्हा परत. सोमवारी सर आले ते चप्पल न काढताच मधल्या खोलीत.

"दोन तास पाठवत होतो मी. साखरपुड्याचं जेवण थंड झालं. हे मशीन मलाच म्हणतं तू खोटा."

"सर, तुमी बाहेरून आले अन् म्हणाले मी घरचा. पासवर्ड टाकून आतून याव."

"अरे पण मी खरा आहे."

अल्ताफभाऊने माझ्याकडे पाहिलं. मी स्टोव्हकडे पाहिलं.

"आजी बी खरीच होती सर," तो म्हणाला.

सरांनी चप्पल काढली. मग खुर्चीवर बसले. "ठीक आहे. ओट्यावर बसवलं तर बसवलं. चहा तरी द्या."

मी दिला. दोन बिस्किटं जास्तीची ठेवली. सासूबाईंनाही तेव्हा ठेवायला पाहिजे होती.

*

मशीन आता रोज खोटे मेल परत पाठवत होतं. अल्ताफभाऊ मला स्क्रीनवर दाखवायचा, आज सरांच्या नावाने इतके जण येऊन गेले. मला बरं वाटायचं. आपल्यासारखंच कोणीतरी दारात बसून सगळ्यांना विचारतंय असं वाटायचं.

पण मेल बंद झाले तसे एकदोन गावांत फोन यायला लागले. 'इंगळे सर बोलतोय, अमुक औषध घ्या.' झालं, माझ्या डोळ्यांसमोर ह्यांचा तो फोन. त्यातून तर कोणीही इंगळे सर वाटतो.

सकाळी हे बैल सोडत होते तेव्हा मी सांगितलं. "फवारणीचं कोणीही फोनवर काही सांगितलं, फवारा म्हणो की थांबा म्हणो, तं खूण इचारायची. खूण नाही तं ऐकायचं नाही."

"मी काय गौरी हाये?"

"गौरी बरी. ते ऐकते."

"अन् तूच फोन केला तं?"

"मले बी इचारायची. माह्या आवाजावर बी जाऊ नका. त्या डब्यातून मी अन् सर सारखेच."

हे हसले. बैलाच्या मानेवर हात फिरवत थोडा विचार केला. "बरं. पण खूण मी ठरवणार."

आणि ह्यांनी पोहे ठरवले.

आता सांगते. मला बघायला आले त्या दिवशी माझ्या पोह्यांचा गोळा झाला होता. पाणी जास्त झालं. पाहुणे ओसरीत येऊन बसले होते. शेजारच्या शकुंतलाकाकूंनी मागच्या दाराने त्यांच्या घरचे पोहे आणून दिले आणि मी फक्त ताट धरून बाहेर आले. हे लग्नानंतर मी एकट्या ह्यांना सांगितलं होतं, गौरी पोटात असताना, शपथ घालून.

"हे खूण तू कोणालेच सांगणार नाही," हे म्हणाले. "म्हंजे पक्की झाली."

मी दोन दिवस बोलले नाही. पण खूण तीच राहिली.

*

दिवाळीला पंधरा दिवस होते. मंगळवार. साडेदहा वाजले असतील. अमडापूरचा आमचा कॉम्प्युटरवाला प्रल्हाद, त्याचा सरांना फोन आला. मी शेजारी फरशी पुसत होते.

"सर, कालच्या मेलमधलं दुसरं औषध आमच्या इथं संपलं. त्याच्या जागी कोणतं चालन?"

"कोणता मेल?"

प्रल्हादने वाचून दाखवला. तीच दोन औषधं. तीच दुप्पट मात्रा.

अल्ताफभाऊने स्क्रीनवर बोट ठेवलं. आमच्या मशीनने तो मेल कालच परत पाठवला होता, चाळीसच्या चाळीस. मग त्या भामट्याने प्रल्हादच्या घरच्या मेलच्या पत्त्यावर पाठवला. तो पत्ता आमच्या मशीनमध्ये नाहीच.

"दारातून नाही आला," अल्ताफभाऊ म्हणाला. "खिडकीतून आला."

"कागद आधी फाड," सर फोनवर ओरडले. "कोणी औषध नेलं का?"

"नाही सर, काल अंधार पडता पडता लावला. बाजूच्या दुकानातून सकाळी एकाच माणसानं नेलं. शेवटची बाटली त्यालेच भेटली."

"कोणाला?"

"तुमच्या वंदनाताईच्या घरवाल्याले."

माझ्या हातात फडकं होतं. मी उठले तेव्हा ते कुठे पडलं मला माहीत नाही. बटणं दाबायला गेले तर बोटं भलत्याच आकड्यांवर पडत होती. सरांनी फोन घेतला, नंबर लावला आणि स्पीकर चालू केला. रिंग वाजत राहिली. मी मोजत होते. नवव्या रिंगला उचलला. वारा ऐकू येत होता आणि ड्रममध्ये पाणी ओतल्याचा आवाज.

"हॅलो, मी इंगळे सर बोलतोय. फवारू नको. तो कागद खोटा आहे."

तिकडे पाणी ओतायचं थांबलं.

"खूण सांगा."

"कसली खूण? अरे, मी इंगळे सर."

"ते तं कागदावर बी लिहेल हाये. खूण सांगा."

अल्ताफभाऊ पुढे वाकला. "भाऊ, मी अल्ताफ. ताई इथीच हाये. आधी पंप खाली ठेवा."

"खूण."

मी फोन ओढून घेतला. "अहो, मी बोलते. ते औषध टाकू नका. तुमाले गौरीची आन हाये."

"कोण बोलते?"

"वंदना."

"सर, आवाज बदलून बोलू नका."

"अहो, खरंच मी हाये."

"मंग खूण सांग. तूच म्हणाली होती, माह्या आवाजावर बी जाऊ नका."

आणि मागून दुसरा आवाज आला, ड्रमापाशी उभं राहून विचारल्यासारखा. "कोण हाये रे? या बाटल्या ओतू काय आता?"

सासूबाई. पाणी भरू लागायला शेतात गेल्या होत्या. ह्यांचा फोन स्पीकरवर, म्हणजे मी बोललेलं पहिलं त्यांनाच ऐकू जाणार.

मी इकडे पाहिलं. सर, अल्ताफभाऊ, आणि माती तपासायला घेऊन आलेले दोन शेतकरी, पिशव्या मांडीवर धरून. तिकडे सासूबाई, हातात बाटली. मी डोळे मिटले.

"मले पाह्याले आले तवा पोहे मी नव्हते केले," मी म्हणाले. "माह्या पोह्याचा गोळा झाला होता. ते शेजारच्या शकुंतलाकाकूनं केले होते. मी फक्त ताट धरलं होतं."

तिकडे नुसता वारा. मग काहीतरी जड जमिनीवर टेकल्याचा आवाज आला आणि पंपाचा पट्टा बकलावर आपटला.

"बरोबर हाये," हे म्हणाले. "खूण पटली. नाही फवारत."

मी खाली बसले. ती सरांची खुर्ची होती. फोन ठेवायला हात पुढे केला तेवढ्यात त्यातून सासूबाईंचा आवाज आला, एकदम जवळून.

"पटली कशी रे? हे खूण तं मले सात वर्सापासून माहीत हाये. दुसरी माग तिले."